एक स्टार देणाऱ्या वाचकांस, आणि पाच देणाऱ्यांसही

किल्ल्यांची, गावांची आणि तालुक्यांची पुस्तकं विकत घेऊन त्यांवर अभिप्राय लिहिणाऱ्या सर्व वाचकांस,



मी संपादक आहे. गडांच्या वाटा सांगणाऱ्या मार्गदर्शिका, तालुक्याचे इतिहास, एखाद्या देवस्थानाची नाहीतर जुन्या बंदराची साद्यंत माहिती देणारी पुस्तकं माझ्या टेबलावर येतात. अशा पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची ठरली की तीन गठ्ठे समोर घेऊन बसते. लेखकाने स्वतःच्या प्रतीत पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या, प्रकाशकाकडे आलेली पत्रं, आणि ऑनलाइन दुकानांत पुस्तकाखाली तुम्ही लिहिलेले अभिप्राय. पहिल्या गठ्ठ्यावर आवृत्ती उभी राहते. दुसरा दरवर्षी पातळ होत चाललाय. तिसरा चांगला जाडजूड असतो, पण तो शेवटपर्यंत वाचूनही पुस्तकात घालण्याजोगं एक वाक्य हाती लागलं तर नशीब. माझं भांडण या तिसऱ्या गठ्ठ्याशी आहे. भांडण आपुलकीचं आहे, कारण तुम्ही निदान पुस्तक विकत घेतलंत. पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांना पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

आधी तुमच्या दोन ओळींचं वजन सांगते, कारण ते तुम्हाला ठाऊक नसावं असं वाटतं. गाजलेल्या कादंबरीखाली शेकड्यांनी अभिप्राय असतात. त्यात एखादा चिडलेला वाचक कुठे दिसतही नाही. तालुक्याच्या इतिहासाखाली असतात चार. त्यातला एक तुमचा. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती काढायची जुनी रीत, पण या प्रकारच्या पुस्तकांना आता तेवढंही धाडस वाटतं आणि तीनशे-पाचशे प्रतींवर भागवलं जातं. त्यातल्या बऱ्याचशा प्रतींची भिस्त ग्रंथालयांवर. ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडणारी माणसं पूर्वी अनुक्रमणिका बघत, मधलं एखादं पान वाचत, वर्तमानपत्रातल्या ‘साभार पोच’मध्ये नाव आलं होतं का ते आठवत. आता ग्रंथप्रदर्शनात स्टॉलसमोर उभी राहून मोबाइल काढतात. स्टार अडीच दिसले की पुस्तक जागेवर ठेवून पुढच्या स्टॉलकडे वळतात. अडीच का, हे वाचायला कुणी थांबत नाही.

आणि ते अडीच का असतात, तर पाकीट फाटकं आलं म्हणून! कव्हरचा कोपरा दुमडला होता, कुरिअरवाल्याने फोन केला नाही, आठवडा लागला. या तक्रारी खऱ्या आहेत, त्या दुकानदाराकडे करायच्या. दुकानं त्यासाठी वेगळी सोय ठेवतात. तीच गोष्ट किमतीची. दोनशे पानांना साडेतीनशे रुपये फार वाटत असतील तर घेण्याआधी किंमत छापलेली दिसते. या मुद्द्यावर याहून जास्त शाई खर्च करत नाही.

खरा विषय आहे तो ‘माहिती जुनी आहे’ या वाक्याचा. किल्ल्यांच्या पुस्तकांखाली हे वाक्य सर्वांत जास्त वेळा येतं आणि त्यानंतर पूर्णविराम येतो. कुठली माहिती? तुमच्या हातात आवृत्ती कुठली होती? तुम्ही गेलात कधी? वाचकहो, या प्रकारच्या पुस्तकातली माहिती जुनी होणारच. छापखान्यातून बाहेर पडते त्या दिवसापासून ती जुनी व्हायला लागते. कोहोज, अशेरी, तांदुळवाडी हे गड एखाद्या पुस्तकात ठाणे जिल्ह्यात दिसले तर लेखकाला भूगोल येत नाही असं लगेच समजू नका. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. पुस्तक त्याआधीचं असेल. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये मालवण सापडतं, कारण सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला पुढची शंभर वर्षं जायची होती. मराठवाड्यातल्या दोन जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली, मग अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पंधरा वर्षांपूर्वी छापलेल्या हरिश्चंद्रगडाच्या माहितीत ‘जिल्हा अहमदनगर’ आहे म्हणून एक स्टार देणाऱ्याला मी काय उत्तर देऊ? पुस्तक उलटून मागे आवृत्तीचं साल बघा, एवढंच सांगू शकते.

पण जुनं होण्याचे काही प्रकार फार गंभीर असतात आणि तिथे तुमचा अभिप्राय सोन्याच्या मोलाचा असतो. इर्शाळगडावर जाणारा जो तो वाटेत इर्शाळवाडीत थांबे. मार्गदर्शिकांमध्ये ही वाडी पाण्याची, जेवणाची, वाटाड्या मिळण्याची जागा म्हणून आलेली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि त्या जागी वाडी उरली नाही. त्याआधी छापलेली पुस्तकं अजून कपाटांत आहेत, ग्रंथालयांत आहेत, वाचलीही जातात. अशा पुस्तकाखाली ‘पान अमुक, इर्शाळवाडीचा उल्लेख आता लागू नाही, कारण असं’ हे एक वाक्य लिहिणारा वाचक पुस्तकाचीही सेवा करतो आणि पुढच्या माणसाचीही. ‘आउटडेटेड, पैसे वाया’ असं लिहिणारा दोघांनाही काही देत नाही.

पाण्याचं घ्या. गडाच्या पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर कुठला म्हणाल तर दरवाज्याचं वर्णन नाही, बुरुजांची संख्याही नाही. कुठलं टाकं बारमाही, कुठलं डिसेंबरात आटतं, कशातलं पाणी पिण्याचं आणि कशातलं हात-पाय धुण्यापुरतं, हे आहे. त्यावर माणसाचा मुक्काम ठरतो. कधीकधी जीवही. टाक्यांत गाळ साचतो, काठाचा कातळ फुटतो, कुठे एखादी संस्था गाळ काढून टाकं पुन्हा जिवंत करते. एकटा लेखक दरवर्षी शंभर गड चढून टाकी तपासू शकत नाही. तुम्ही शेकड्यांनी जाता. मला हवा असलेला अभिप्राय साधारण असा: ‘दुसरी आवृत्ती. मार्चच्या मध्याला गेलो. पुस्तकात सांगितलेलं पूर्वेचं टाकं कोरडं होतं, खांबटाक्यात पाणी होतं, गाळून प्यायलो. दुपारची एसटी बंद झालीय, फाट्यापासून चालावं लागतं. खिंडीतला मारुती आता नव्या देवळात बसवलाय, त्यामुळे उजवीकडे वळायची खूण चुकते.’ यात स्टार किती दिले हे मी बघतही नाही. एक दिला तरी चालेल! हा मजकूर जसाच्या तसा लेखकाकडे जातो आणि पुढच्या आवृत्तीत त्याचं पान बदलतं.

अवघड-सोपं या श्रेणीवरूनही वाचक चिडतात. पुस्तकात ‘मध्यम’ लिहिलं होतं आणि आमची दमछाक झाली. असेल. तुम्ही मेमधल्या भर दुपारी चढलात की नोव्हेंबरात पहाटे, पाठीवर काय होतं, निसरडं होतं का, हे सांगितल्याशिवाय त्या दमछाकीचं मी काय करू? एक गोष्ट मात्र लेखकाच्या बाजूने सांगायला हवी. अलंग, मदन, कुलंग यांच्या वाटा आज दोर लावून चढायच्या झाल्या आहेत, कारण १८१८ मध्ये इंग्रजांनी इथल्या गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. तिथे पुस्तकाने ‘अनुभवी माणूस आणि दोर सोबत असल्याशिवाय जाऊ नये’ असं बजावलं की ‘लेखक उगाच घाबरवतो’ अशीही तक्रार येते. असं बजावणारं पुस्तक चांगलं.

जुन्या माहितीबद्दल आणखी एक सांगून हा विषय सोडते. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चं, ना. वि. जोशींचं ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ चं. त्रिं. ना. आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. या पुस्तकांतली माहिती जुनी आहे म्हणूनच आज त्यांना हात जोडावेसे वाटतात. त्या वेळी कुणी ‘हे तर सगळ्यांना ठाऊक आहे’ म्हणून ती लिहिली नसती तर त्या शहरांचा आणि खेड्यांचा तो दिवस आपल्या हातून कायमचा गेला असता. आज एखाद्या शिक्षकाने आपल्या तालुक्यातल्या आठवडेबाजारांची, पारांची, बुजलेल्या विहिरींची यादी केली तर ती कंटाळवाणी वाटेल. वाटू द्या. ‘यादी आहे, कथा नाही’ असं लिहून तिचे स्टार कापू नका.

आता ‘हे सगळं नेटवर फुकट मिळतं’. मिळतं, अगदी खरं. पण ते तिथे गेलं कुठून? संपादक म्हणून हे मला रोज दिसतं. पुस्तकातला परिच्छेद नेटवर जातो, तिथून दहा ठिकाणी, दर उतरवणीत एखादा शब्द गळतो आणि लेखकाचं नाव तर पहिल्याच खेपेला गळतं. मग तोच परिच्छेद वाचून आलेला वाचक मूळ पुस्तकाला म्हणतो की यात नवीन काही नाही. जंजिऱ्यावर ५७२ तोफा होत्या हे वाक्य राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीत बसल्यापासून कानावर पडतं, दर संकेतस्थळावर दिसतं. हा आकडा कुणी, कधी, कशावरून मोजला हे मात्र त्यांतलं फारसं कुणी सांगत नाही. जो लेखक हा आकडा गाळतो, आज तटावर दिसणाऱ्या तोफा स्वतः मोजतो आणि कलालबांगडीपाशी थांबून तिची लांबी टेपने घेतो, त्याच्या पुस्तकाखाली काय येतं? ‘५७२ तोफांचा उल्लेखच नाही, अभ्यास कमी.’ अशा वेळी हसावं की रडावं ते कळत नाही.

हाताने काढलेल्या नकाशांबद्दलची नाराजीही याच जातीची. सर्व्हे ऑफ इंडियाचा ५० हजारी नकाशा घेतला तर त्यात वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा मिळतात. मोबाइलवरच्या नकाशात तुम्ही उभे आहात तो ठिपका मिळतो. दोन्ही उत्तम. पण मळलेली वाट सोडून ढोरवाट कुठे फसवते, घळीत उतरण्याआधी आंब्याचं झाड डाव्या हाताला ठेवायचं की उजव्या, चोरदरवाजा कुठल्या बुरुजाच्या पोटात आहे, हे लेखकाच्या वेड्यावाकड्या रेषांतच सापडतं. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने कितीतरी पिढ्यांना वाट दाखवली. नकाशा दिसायला कसा आहे हे बघण्याआधी त्याच्यावर चालून बघा, आणि तो चुकला तर कुठे चुकला ते लिहा.

आता जरा नाजूक विषयाकडे वळते. इतिहासाच्या पुस्तकांना सर्वांत कमी स्टार कशासाठी मिळतात? चुकांसाठी मिळत असतील असं वाटेल तुम्हाला. माझा अनुभव उलट आहे. ते मिळतात पुराव्यासाठी! तानाजी मालुसरे पडल्यावर कोंढाण्याचं नाव सिंहगड ठेवलं गेलं, ही गोष्ट आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो आणि हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीने ती घराघरांत नेली. तानाजींनी गड घेतला फेब्रुवारी १६७० मध्ये. सिंहगड हे नाव मात्र शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रातच सापडतं. लेखक एवढंच लिहितो, पत्राचा हवाला देतो. त्याने तानाजींचा पराक्रम तिळभरही कमी होत नाही. पुरंदरच्या तहात १६६५ साली दिलेल्या तेवीस किल्ल्यांपैकी हा एक, आणि तो परत घेताना एक मोहरा गेला, हे कुठे बदलतं? तरी खाली अभिप्राय येतो की लेखकाला महाराजांबद्दल आदर नाही. घोरपडीचं तसंच. ती पोवाड्यातली आहे आणि पोवाड्यात ती शोभते. समकालीन कागदांत नाही असं म्हटलं की लेखक गद्दार. अहो, महाराजांचंच पत्र वाचून दाखवणाऱ्याला महाराजांचा द्वेष्टा ठरवताना आपल्याला काहीच वाटत नाही का?

गावोगावच्या इतिहासात याचीच लहान भावंडं भेटतात. प्रत्येक जुनं दगडी देऊळ हेमाडपंती असायलाच हवं. हेमाद्री हा यादवांचा, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळातला मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या देवळात शिलाहारांचा लेख आहे, त्यातलं वर्ष शके ९८२, म्हणजे १०६०. हेमाडपंत जन्मायच्या कितीतरी आधी ते उभं होतं. तरी ‘लेखकाने हेमाडपंती शैलीचा उल्लेख टाळला’ अशी तक्रार. भुयाराबद्दल तर विचारूच नका. महाराष्ट्रातल्या एकूण एक वाड्यातून आणि देवळातून किल्ल्यापर्यंत भुयार आहे. घोडेस्वार जाईल एवढं रुंद, आणि तोंड नेहमी बुजवलेलं. लेखकाने ‘भुयार आढळले नाही’ लिहिलं की गावातल्या मंडळींचे एकेक स्टार आलेच म्हणून समजा. आख्यायिका लिहाव्यात, जरूर लिहाव्यात, पण आख्यायिका म्हणून. तेवढं करणाऱ्या लेखकाला शिक्षा होऊ नये, एवढी माझी विनंती आहे.

तारखांबद्दल थोडं सांगते, कारण ‘तारीख चुकली’ हा आरोप फार सहज केला जातो. पोर्तुगीजांनी नवं कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं, इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्यावरच होते. त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना सुरतेच्या किंवा मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रात एका तारखेला येते आणि गोव्याच्या पोर्तुगीज कागदात तिच्या दहा दिवस पुढच्या तारखेला. आपल्या कागदांत शके आणि तिथी असते. शकात ७८ मिळवायचे की ७९ हे महिन्यावर ठरतं. काही कागदांत सुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. कोकणातल्या किंवा उत्तर गोव्यातल्या एखाद्या गावाचा इतिहास लिहिणाऱ्याला ही सगळी पंचांगं एका पानावर जुळवून आणावी लागतात. तारीख चुकू शकते, छापताना तर नक्कीच चुकते. पण ती चुकली असं म्हणताना तुमच्याकडची तारीख कुठल्या कागदातली, हे लिहा. ‘गूगलवर वेगळी आहे’ हा हवाला धरता येत नाही.

आणि मग घराण्यांचा प्रश्न. तालुक्याचा इतिहास आला की त्यात देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, खोत आलेच, आणि त्यांचे आजचे वंशज पुस्तक उघडून प्रथम सूचीत आपलं आडनाव बघतात. नाव नसलं तर एक स्टार. नाव आहे पण शेजारच्या घराण्याला दोन पानं जास्त मिळाली, तरी एकच. नाव आहे आणि वाद हरल्याचा निवाडाही छापलाय, मग वकिलाची नोटीस. सतराव्या शतकातले वतनाचे तंटे या अभिप्रायांत आजही चालू आहेत असं मला कधीकधी वाटतं. फरक एवढाच की तेव्हा गोतसभा भरायची. साक्षीदार सर्वांसमोर नाव-गाव सांगून बोलायचा आणि महजरावर आपल्या धंद्याची निशाणी उठवायचा, कुणब्याचा नांगर, सुताराचं हत्यार. खोटं बोललं तर दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर तोंड दाखवायचं असे. आजचा साक्षीदार ‘शिवभक्त ९६’ किंवा ‘बुक लव्हर’ असतो. त्याच्याकडे कुठला कागद आहे, तो त्या गावचा आहे का, पुस्तक त्याने उघडलं होतं का, काही कळत नाही. म्हणून माझी मागणी आहे की गावाच्या इतिहासावर आक्षेप घेणाऱ्याने आपलं नाव आणि गाव लिहावं. तुमच्या घरात सनद असेल, वंशावळ असेल, मोडीतली कैफियत असेल तर तिची नीट प्रत लेखकाकडे पाठवा. त्या कागदाने प्रकरणच्या प्रकरण बदलू शकतं. तशी प्रकरणं बदलली आहेत, आणि असे कागद देणाऱ्यांची नावं ऋणनिर्देशात आहेत.

पाच स्टार देणाऱ्यांनो, हसू नका, तुमच्याकडेही येते आहे. ‘अप्रतिम! प्रत्येकाच्या घरी असावं असं पुस्तक.’ प्रत्येकाच्या घरी का असावं? मोहोळ तालुक्याचा इतिहास संगमेश्वरातल्या माणसाने का घ्यावा हे सांगितलंत तर तो घेईलही. कदाचित त्यात पंढरीच्या वाटेवरच्या मुक्कामांचं एखादं प्रकरण असेल आणि तुम्हाला ते फार आवडलं असेल. मग ते लिहा ना! लेखकाचे विद्यार्थी, भाचे आणि प्रकाशन समारंभाला आलेली मंडळी यांनी एकाच आठवड्यात टाकलेले एकसारखे पाच-पाच स्टार मलाही ओळखता येतात आणि खरेदीदारालाही. त्यांच्यामुळे प्रामाणिक कौतुकसुद्धा संशयाखाली येतं. गो. नी. दांडेकरांवर प्रेम करणाऱ्यांनी त्यांच्या दुर्गपुस्तकांखाली ‘आप्पा ते आप्पाच’ एवढं लिहून थांबू नये. कुठल्या गडाच्या वर्णनापाशी तुम्ही अडलात, प्रत्यक्ष गेल्यावर काय वेगळं दिसलं, ते नव्या वाचकाला हवं आहे.

वाचकांवर एवढं तोंडसुख घेतलेलं बघून प्रकाशक आणि लेखक खूश झाले असतील, तर त्यांनाही दोन शब्द. पुस्तकात आवृत्तीचं साल ठळक छापा. ‘पुनर्मुद्रण’ करून ‘नवी आवृत्ती’ म्हणू नका. वाटेची माहिती शेवटची कधी तपासली, ते प्रत्येक गडाच्या प्रकरणाखाली महिन्यासह द्या. सूची द्या, गावाच्या इतिहासाला सूची नसणं हा आळस आहे, काटकसर नव्हे. पूर्वी प्रस्तावनेच्या शेवटी लेखक ‘चुका कळवाव्यात’ म्हणून पत्ता देत असत आणि वाचक पोस्टकार्ड टाकत. आता पानावर ना पत्ता, ना ई-मेल. वाचकाने दुरुस्ती सांगायची ठरवली तर त्याला पाकिटाच्या तक्रारींशेजारीच ती लिहावी लागते, यात त्याचा दोष किती? आणि आलेल्या दुरुस्तीला उत्तर द्या. रायगडाच्या पायऱ्या चौदाशे की साडेचौदाशे यावर जो मनुष्य थांबून-थांबून मोजत वर जातो आणि उतरल्यावर तुम्हाला कळवतो, त्याला आभाराची एक ओळ मिळाली नाही तर पुढच्या वेळी तो रोपवेने जाईल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत अकरा आपल्याकडचे आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. आता त्या बारांवर पुस्तकांचा पाऊस पडतोय, आणि त्यात घाईने शिवलेली, नेटवरून उचललेली बरीच असणार. त्यांना झोडपायचं असेल तर खुशाल झोडपा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. फक्त कुठलं पान कुठून उचललंय तेही लिहा. आणि उरलेल्या शेकडो गडांची, ज्यांच्यावर एखाद-दुसरंच पुस्तक आहे आणि तेही तालुक्याच्या गावी छापलेलं, त्यांची आठवण ठेवा. तिथे तुमचा अभिप्राय बहुतेक वेळा एकुलता असतो.

तेव्हा वाचकहो, या हिवाळ्यात एखादं पुस्तक पिशवीत टाकून गडावर किंवा गावात गेलात तर परत आल्यावर पाच गोष्टी लिहा: आवृत्ती, गेल्याचा महिना, पान क्रमांक, पुस्तकात काय होतं, तुम्हाला काय दिसलं. खाली नाव आणि गाव. स्टार द्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.



आपली नम्र,
पुढच्या आवृत्तीच्या दुरुस्त्या गोळा करत बसलेली एक संपादक